अडखळण्याची मुभा

अडखळत बोलणाऱ्या माणसाला लहानपणापासून सर्वाधिक वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘घाबरू नकोस, आत्मविश्वासाने बोल.’ आईवडील, शिक्षक, वरिष्ठ आणि कधी कधी पहिल्यांदाच भेटलेली माणसेही तो देतात, आणि देणाऱ्याच्या मनात बहुधा सद्‌भावनाच असते. मी स्वतः वयाच्या चौथ्या वर्षापासून अडखळत बोलते. आज चाळिशी ओलांडल्यावर मला हे स्पष्टपणे लिहावेसे वाटते की या सल्ल्याने माझे जेवढे नुकसान केले तेवढे चेष्टेनेही केले नाही. चेष्टा करणारा वाईट वागतो आहे, हे मुलाला निदान कळते. सल्ला देणारा मात्र नकळत असे सुचवीत असतो की दोष मनाचा आहे, धैर्य कमी पडते आहे आणि ते वाढवले की शब्द आपोआप सुटतील. मूल त्यावर विश्वास ठेवते. मग पुढच्या वेळी शब्द अडकला की त्याला अडखळल्याची लाज वाटतेच, पण आपण भित्रे आहोत याचीही लाज वाटू लागते.

माझे म्हणणे असे आहे की या सल्ल्यात कार्यकारणाची साखळी उलटी मांडलेली आहे. तोतरेपणा आत्मविश्वासाच्या अभावातून जन्माला येत नाही. तोतरेपणाला जी वागणूक मिळते तिच्यामुळे आत्मविश्वास खचतो. तो पुन्हा उभा राहायचा असेल तर त्याआधी घरात, वर्गात, परीक्षेत आणि मुलाखतीत अडखळत बोलण्याची मुभा मिळावी लागते. ही मुभा काही अंशी माणसाने स्वतः घ्यायची असते, पण बऱ्याच अंशी ती ऐकणाऱ्यांच्या हाती असते, आणि म्हणूनच हा विषय केवळ व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

आधी वयाचा मुद्दा पाहू. बहुतेक मुलांमध्ये तोतरेपणा दुसऱ्या ते पाचव्या वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे ज्या वयात मूल कुणाचीही भीड न बाळगता दिवसभर बडबडत असते त्या वयात. शब्दसंग्रह झपाट्याने वाढत असतो, वाक्ये लांबत असतात, आणि एके दिवशी ‘मला’ या शब्दातला ‘म’ चार-पाच वेळा येऊ लागतो. त्या मुलाचा आत्मविश्वास कमी झाला असे म्हणायला कोणीही धजावणार नाही. सुमारे ५ टक्के मुले या अवस्थेतून जातात आणि त्यांतील दर चारांपैकी साधारण तिघांचे बोलणे पुढे सुरळीत होते. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे १ टक्का उरते. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर गेली आहे हे लक्षात घेतले तर अडखळत बोलणाऱ्यांची संख्या ८ कोटींच्या घरात जाते. प्रौढांमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुषांचे प्रमाण सुमारे चौपट आढळते, कारण मुलींमध्ये तो लहानपणीच सुटण्याची शक्यता जास्त असते. धैर्य कमी असल्याच्या कल्पनेने या फरकाचा उलगडा होऊ शकत नाही.

तोतरेपणा एकेका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, हे लोकांना पूर्वीपासून दिसत होते. २०१० मध्ये संशोधकांनी त्याच्याशी संबंध असलेले तीन जनुकांतील बदल प्रसिद्ध केले. सर्व रुग्णांचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नसले तरी शरीरात शोधावयाची गोष्ट शरीरातच आहे, एवढे त्यातून ठरले. मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासातही उच्चाराची आखणी करणारे आणि तो प्रत्यक्षात आणणारे डाव्या अर्धगोलातील भाग ज्या तंतूंनी जोडलेले असतात, त्यांच्या रचनेत फरक आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तोतरेपणाची नोंद मेंदूच्या विकासाशी संबंधित अवस्थांमध्ये केलेली आहे. आपल्या ओठांपर्यंत आलेल्या शब्दाची वेळ चुकते, आणि ती चुकण्याचे कारण यंत्रणेच्या घडणीत असते.

मग हा गैरसमज एवढा टिकून का राहिला? मला वाटते, त्याचे कारण तोतरेपणाच्या लहरीपणात आहे. तोच माणूस एकटा असताना स्वतःशी सरळ बोलतो, गाणे म्हणताना अडखळत नाही, आणि दहा जणांबरोबर एका सुरात वाचायला सांगितले तर त्याचे वाचन इतरांपासून वेगळे ओळखूही येत नाही. हे पाहणाऱ्याला वाटते की ‘याला येते तर! मग लोकांसमोरच काय होते?’ आणि उत्तर म्हणून भीती हे कारण हाताशी तयारच असते. वस्तुतः गाण्यात आणि समूहवाचनात शब्दाला बाहेरून लय मिळते, आणि जी वेळ साधताना मेंदूची ओढाताण होते ती त्या लयीने साधली जाते. भीतीने तोतरेपणा वाढतो, हेही मी नाकारत नाही. माझ्याइतके ते कोणी अनुभवले असेल असे नाही. पण धुळीत गेल्यावर दमा बळावतो म्हणून दम्याचे मूळ धुळीत आहे असे डॉक्टर म्हणत नाहीत. वाढवणारी गोष्ट वेगळी आणि निर्माण करणारी वेगळी, एवढा विवेक आपण इतर सर्व व्याधींच्या बाबतीत दाखवतो.

हा विवेक न दाखवल्याची किंमत मोठी आहे. १८४१ मध्ये बर्लिनमधील योहान डीफेनबाख या नामवंत शल्यविशारदाने तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाशी पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तेव्हा भूल देण्याची सोयही आलेली नव्हती. जीभ दोषी नाही हे पुढे कळले, पण मग संशय मनावर आणि संगोपनावर गेला. त्या संशयातून झालेला एक प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९३९ च्या पहिल्या काही महिन्यांत अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर हा प्रयोग करण्यात आला. आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने तो केला. जॉन्सन स्वतः अडखळत बोलत असत आणि मुलाच्या बोलण्यावर ‘तोतरे’ असा शिक्का मारल्यानेच तोतरेपणा जडतो, अशी त्यांची धारणा होती. ती पडताळून पाहण्यासाठी, सरळ बोलणाऱ्या सहा मुलांना काही महिने सतत सांगितले गेले की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसत आहेत, अडखळायचे असेल तर तोंड उघडू नका, नीट बोलता येईल तेव्हाच बोला. मुले गप्प झाली. एकेका शब्दात उत्तरे देऊ लागली, बोलताना तोंडावर हात ठेवू लागली, वर्गात बोलायला नकार देऊ लागली. हा प्रयोग अनेक दशके दडून राहिला. २००१ मध्ये वृत्तपत्राने तो उघडकीस आणल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये राज्याने ९ लाख २५ हजार डॉलरची भरपाई मान्य केली.

प्रयोगातील क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष मात्र त्याच्या निष्पत्तीकडे जाते. २००२ मध्ये अभ्यासकांनी त्या नोंदी नव्याने तपासल्या तेव्हा त्यांना असे दिसले की त्या मुलांना तोतरेपणा जडल्याचा पुरावा नोंदींत नाही. म्हणजे ज्या मुलांना खच्ची केले गेले ती अडखळू लागली नाहीत, त्यांनी बोलणेच सोडले. आत्मविश्वास जाणे आणि तोतरेपणा येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून दुःखद पुरावा असू शकत नाही. आणि दुसरी बाब अशी की मुलाचा आत्मविश्वास घालवण्यासाठी त्या प्रयोगात वापरलेली वाक्ये कोणती होती, तर ‘हळू बोल’, ‘आधी विचार कर’, ‘नीट येत असेल तरच बोल’ या जातीची. ही वाक्ये आजही घरोघरी प्रेमाने म्हटली जातात, आणि ती ज्यांना ऐकवली जातात ती मुले खरोखरच अडखळत असतात.

भाषेचाही यात वाटा आहे. खोटे उघडे पडलेल्या माणसाची आपण ‘ततपप’ झाली असे म्हणतो. उत्तर ठाऊक नसलेला विद्यार्थी ‘चाचरतो’. आणि चांगल्या वक्त्याचे बोलणे ‘अस्खलित’ असते, म्हणजे त्यात कुठेही ठेच लागत नाही. अडखळणे हे लबाडीचे किंवा अज्ञानाचे लक्षण आहे, हा समज शब्दांतच मुरलेला आहे. मी हे शब्द कोशातून काढून टाका असे म्हणणार नाही. पण एका कार्यालयाच्या खिडकीपाशी मला नाव विचारले गेले, माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ओठ मिटले ते उघडेनात, आणि पलीकडच्या गृहस्थांनी हसून विचारले, ‘काय हो, नाव विसरलात की काय?’, तेव्हा त्यांच्या त्या वाक्याला हाच समज कारणीभूत होता. स्वतःचे नाव अडखळणाऱ्या बहुतेकांना सर्वांत अवघड जाते. दुसरा कोणताही शब्द बदलता येतो. नाव बदलता येत नाही.

शब्द बदलण्याची ही कला बाहेरच्या माणसाला फारशी माहीत नसते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. जोसेफ शीहान हे मानसशास्त्रज्ञ, तेही अडखळत बोलणारे, तोतरेपणाला हिमनगाची उपमा देत असत: कानाला ऐकू येते ते पाण्यावरचे टोक, आणि लाज, भीती, अपराधी भावना, टाळाटाळ हा सगळा ऐवज पाण्याखाली. पाण्याखालचे हे जग कसे असते? ‘परवा’ म्हणायचे असते, दोन शब्द आधीच लक्षात येते की ‘प’ अडकणार आहे, म्हणून तोंडातून ‘दोन दिवसांनी’ असे बाहेर पडते. तेही अडकेल असे वाटले तर वाक्यच वळवले जाते आणि परवाची गोष्ट पुढच्या आठवड्यावर जाते. वर्गात हात वर करायचा असतो, तो डोक्यापर्यंत नेऊन केस सारखे केले जातात. महाविद्यालयात असताना मी कित्येक महिने माझ्या थांब्याच्या अलीकडच्या थांब्याचे तिकीट काढत असे, कारण त्याचे नाव मला म्हणता येत होते. उरलेले अंतर मी चालत जात असे, आणि घरी सांगत असे की मला चालायला आवडते.

या टाळाटाळीत मी पुढे एवढी तरबेज झाले की नातेवाईक म्हणू लागले, ‘किती सुधारली, आता अजिबात अडखळत नाही.’ ज्या वर्षांत माझे असे कौतुक झाले त्या वर्षांत माझा आत्मविश्वास सर्वांत तळाला होता. मला जे म्हणायचे होते ते मी म्हणत नव्हते; जे म्हणता येण्याजोगे होते तेवढेच म्हणत होते. प्रत्येक वाक्य म्हणजे पकडले न जाण्याची खटपट होती. ओघवते बोलणे आणि आत्मविश्वास यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नाही, हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. लपवून मिळवलेला ओघ माणसाला आतून पोखरतो, कारण त्यातून दर वेळी हाच धडा पक्का होतो की आपण खरे जसे बोलतो तसे ऐकवण्याच्या लायकीचे नाही.

मग आत्मविश्वास येतो कुठून? माझ्यापुरते उत्तर एका बैठकीपासून सुरू होते. शिकवण्याच्या नोकरीला लागून मला सहा वर्षे झाली होती. अभ्यासक्रमातील एका बदलाला माझा ठाम विरोध होता आणि तो मांडायला माझ्याशिवाय कोणी नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी आधी म्हणाले, ‘मी अडखळत बोलते. मध्येच शब्द अडकला तर कृपया थांबा, वाक्य मी पूर्ण करीन.’ हे म्हणतानाही दोनदा शब्द अडला. समोरच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हातातल्या पेनाला टोपण लावले, पेन टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे पाहत बसले. एवढेच घडले. त्यानंतरची काही मिनिटे मी आयुष्यात क्वचितच अडखळले असेन इतकी अडखळले, पण माझे सगळे मुद्दे मांडून खाली बसले. बदल काही थांबला नाही. त्या संध्याकाळी मात्र मला कळले की आतापर्यंत ज्याला मी आत्मविश्वास समजत होते ती केवळ न अडखळण्याची आशा होती, आणि ती आशा सोडल्यावर जे हाती आले त्यावर उभे राहता येते.

वाचा-उपचारांच्या क्षेत्रात ही दृष्टी नवीन नाही. विसाव्या शतकात चार्ल्स व्हॅन रायपर यांनी, जे स्वतः आयुष्यभर अडखळत बोलले, उपचाराचे ध्येयच बदलले: अडखळणे नाहीसे करण्याऐवजी ते सैल, सोपे, धडपड नसलेले करायचे. त्यासाठी माणसाला मुद्दाम अडखळायला लावले जाते, अनोळखी माणसासमोर, फोनवर, जिथे भीती सर्वाधिक तिथे. सुरुवातीला ही कल्पना विपरीत वाटते. पण जे आपण हेतुपुरस्सर करू शकतो त्याची दहशत उरत नाही, हा त्यामागचा विचार आहे. ओठ घट्ट मिटणे, डोळे मिचकावणे, मानेला हिसका देणे, मांडीवर थाप मारणे या गोष्टी अडकलेल्या शब्दातून सुटण्याच्या धडपडीतून आलेल्या असतात, आणि धडपड कमी झाली की त्याही ओसरू लागतात. अडखळणे सुरुवातीलाच सांगून टाकल्यास ऐकणाऱ्याचीही अवघडलेली अवस्था कमी होते, असे अभ्यासांतही दिसून आले आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ‘अडखळणे स्वीकारा’ असे म्हणणे म्हणजे उपचार सोडून देणे नव्हे का? लहान मुलांच्या बाबतीत तर असा स्वीकार निष्काळजीपणा ठरणार नाही का? माझे उत्तर असे की लहान वयात उपचार अवश्य घ्यावेत आणि लवकर घ्यावेत. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या लिडकम पद्धतीत पालकच घरी, वाचा-उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुलावर उपचार करतात आणि तिचे चांगले परिणाम दिसले आहेत. कोणत्या मुलाचा तोतरेपणा आपोआप जाईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून काही महिने उलटूनही तो टिकून असेल, किंवा मूल बोलताना धडपडू लागले असेल, तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणून वाट पाहू नये. पण याच पालकांनी मुलाला हेही कळू द्यावे की घरात त्याचे बोलणे कसेही आले तरी पूर्ण ऐकले जाते. उपचार आणि मुभा यांत विरोध नाही. मोठेपणीही ज्याला उपचार हवेत त्याने ते घ्यावेत. फक्त ‘आधी बरा हो, मग बोल’ ही अट कुणी घालू नये, कारण प्रौढ वयात तोतरेपणा पूर्णपणे आणि कायमचा घालवणारे औषध आजवर उपलब्ध झालेले नाही, आणि या अटीवर थांबलेला माणूस आयुष्यभर थांबूनच राहील.

प्रसिद्ध माणसांची उदाहरणे सांगताना आपण हीच अट मागच्या दाराने आणतो, म्हणून त्यांच्याबद्दल मला थोडी तक्रार आहे. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनी ‘तोतरेपणावर मात केली’ असे सर्रास सांगितले जाते. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्बली येथील प्रदर्शनाच्या समारोपात त्यांचे भाषण अतिशय कष्टाने पार पडले. पुढच्या वर्षी ते लायोनेल लोग या वाचा-उपचारकाकडे जाऊ लागले, आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाल्यावर त्यांनी आकाशवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. हे सर्व खरे आहे. पण त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकले तर त्यात लांब विराम आहेत, शब्दाआधी घेतलेली झुंज आहे, आणि लोग यांची मदत त्यांनी नंतरही अनेक वर्षे घेतली. ते अडखळणारे राजे होते आणि अडखळणारे राजे म्हणूनच बोलले. हे असे सांगितले तर दहा वर्षांच्या मुलाला त्यातून काही मिळते. ‘मात केली’ असे सांगितले तर ज्याचा तोतरेपणा जात नाही ते मूल समजते की आपण हरलो.

आता संस्थांकडे वळते, कारण खरी कसोटी तिथे आहे. तोंडी परीक्षा, प्रकट वाचन, वक्तृत्व, सादरीकरण, मुलाखत या सर्वांत ओघाला गुण असतात, कधी उघडपणे आणि बहुधा परीक्षकाच्या मनात. रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत आपण रसायनशास्त्राचे ज्ञान तपासत असू, तर उत्तर २० सेकंदांत आले की ५० सेकंदांत, याला महत्त्व असण्याचे कारण नाही. तिथे जादा वेळ देणे ही दया नसून मोजमापातील चूक दुरुस्त करणे आहे. भाषेच्या परीक्षेत प्रश्न अधिक नाजूक होतो हे मी मान्य करते, कारण तिथे बोलणे हेच कौशल्य तपासायचे असते. पण बोलण्यात मुद्द्यांची मांडणी, शब्दांची निवड, ऐकणाऱ्याशी जोडलेले नाते हे सारे येते, आणि अडखळत बोलणारा यांपैकी कशातही कमी असण्याचे कारण नाही. उच्चारांचा ओघ ज्याच्या शरीररचनेतच नाही त्याचे त्यासाठी गुण कापणे हे चष्मा लावणाऱ्याचे दृष्टीसाठी गुण कापण्यासारखे आहे.

याच्या उलट टोकाला अनेक सहृदय शिक्षक जातात: ते अशा मुलाला वाचायला उठवतच नाहीत. हजेरीतही त्याच्या नावापाशी आले की मान वर करून पाहतात आणि खूण करतात. माझ्या एका बाईंनी मला वर्षभर अशी सूट दिली होती. मला त्यांची आठवण आजही मायेने येते, तरीही मी म्हणेन की ती सूट मला महाग पडली. वर्गात माझे बोलणे ही टाळण्याजोगी घटना आहे, हे त्यातून माझ्या आणि इतर चाळीस मुलांच्या मनात पक्के झाले. मुलाला हवा असतो तो वेळ. आणि काय हवे हे त्यालाच, एकट्याला बाजूला घेऊन, विचारले तर ते सांगते. एखाद्याला सुरुवातीलाच पाळी आलेली बरी वाटते, कारण रांगेत वाट पाहताना भीती चढत जाते. एखाद्याला जोडीने वाचायचे असते. एखाद्याला काहीच बदल नको असतो, फक्त मागच्या बाकावरचे हसणे थांबलेले हवे असते. शिक्षकाने एकदा वर्गाला सरळ शब्दांत तोतरेपणा म्हणजे काय ते सांगितले तर ते हसणे पुष्कळ कमी होते.

मुलाखतीतील अन्याय बिनबोभाट होतो. ‘संवादकौशल्य अपुरे’ असा शेरा लिहिला की विषय मिटतो. त्या नोकरीसाठी खरोखर किती आणि कशा प्रकारचे बोलणे लागते, हे जाहिरात देणाऱ्याने आधी ठरवले पाहिजे, आणि उमेदवाराला अधिक वेळ हवा आहे का हे अर्जातच विचारले पाहिजे. अलीकडे फोनवर आणि मुलाखतींच्या पहिल्या फेरीतही आवाज ओळखणारी यंत्रे बसवली जात आहेत. क्षणभर शांतता पडली की यंत्राला वाटते बोलणे संपले, आणि ते पुढे सरकते. माणसाला निदान विनंती करता येते. यंत्राला थांबायला शिकवण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यांवर टाकायला हवी, आणि ते काम आत्ताच करायला हवे, यंत्रे सर्वत्र बसल्यावर नव्हे.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला लागू होणारी गोष्ट मात्र साधी आहे: समोरच्याचा शब्द आपण पूर्ण करू नये. हे मदत म्हणून केले जाते, आणि याचे नुकसान मी गेल्या वर्षी परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहिले. तोंडी परीक्षेत एक विद्यार्थी पहिल्याच प्रश्नाला अडखळला. त्याचे ओठ ‘प्र’च्या आकारात थबकले होते, मानेची शीर ताठ झाली होती. माझ्या सहकाऱ्यांनी हलकेच सुचवले, ‘प्रमाण?’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘हो.’ मग प्रमाणाबद्दल दोन विसंगत वाक्ये बोलून गप्प झाला. सहकाऱ्यांनी कागदावर गुण लिहिले. मला त्या विद्यार्थ्याचे ते ‘हो’ ओळखीचे होते. दुसऱ्याने दिलेला चुकीचा शब्द नाकारायचा तर पुन्हा बोलावे लागते, म्हणून तो स्वीकारला जातो. मीही असे शेकडो शब्द स्वीकारले आहेत. मी त्याला म्हणाले, ‘तुला दुसराच शब्द म्हणायचा होता. म्हण. आम्हाला घाई नाही.’ माझ्या स्वतःच्या ‘दुसराच’वर मी अडकले, तेव्हा त्याने चमकून माझ्याकडे पाहिले. मग त्याने पुन्हा ओठ जुळवले, बराच वेळ गेला, आणि ‘प्रतिकर्षण’ हा शब्द तुकड्यातुकड्याने बाहेर आला. त्यामागून उत्तर आले, सावकाश, तीन ठिकाणी थांबत, आणि सगळे बरोबर. सहकाऱ्यांनी आधी लिहिलेला आकडा खोडला.